खड्यांवरची माती

पुडी उघडायच्या आधीच ताईला कळलं की ती मामांची आहे.

खरं तर कळायला नको होतं. ऑफिसचा नियमच तसा होता. देशाबाहेर निघालेले कच्चे हिरे कुणाचे आहेत हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून खालच्या खिडकीत पुडीवरचं नाव झाकून तिथे नंबर चिकटवत आणि मगच ती वर पाठवत. पण नाव झाकलं तरी घडी कशी झाकणार? पांढऱ्या कागदाची पुडी बांधताना शेवटची पट्टी सगळे नुसती आत सारतात. मामा ती आधी उलटी दुमडत, नखाने दाबत आणि मग आत सारत. खडा म्हणजे द्वाड कार्टं, त्याच्या वाटेत एक दार जास्तच लावावं, असं त्यांचं म्हणणं. ही घडी ताई त्यांच्या पायाशी बसून शिकली होती. ज्या वयात इतर मुली कागदाच्या होड्या करतात त्या वयात ती पुड्या करायची.

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून वयाने मोठे होते तेही, आणि ज्यांच्या सहीशिवाय इथून एक खडा हलत नसे त्या मोठ्या बाईही. एकाच खिडकीखाली एकाच टेबलाशी इतकी वर्षं बसल्यावर तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं.

खोली लांबलचक, खिडक्या सगळ्या एकाच बाजूला, कारण ऊन थेट आलं की खडा फसवतो. टेबलांवर पांढरे स्वच्छ कागद, चिमटे, भिंगं, छोटे तराजू. जमिनीला एक फट म्हणून नाही. खडा खाली पडला तर 'थांबा' अशी हाक जायची आणि सगळे होते तिथे पाय न हलवता उभे राहायचे, मुलं खेळात पुतळे होतात तसे. नव्या माणसाला हसू यायचं. जुन्यांना नाही यायचं.

या ऑफिसचं काम म्हणजे चाळणीचं काम. पुष्कळ देशांनी एकत्र बसून एक करार केला होता. जिथे बंदुकवाले लोकांना धाक दाखवून हिरे खणायला लावतात आणि त्या हिऱ्यांतून आणखी बंदुका घेतात, तिथला खडा सरळ व्यापारात येऊ द्यायचा नाही. प्रत्येक पुडी तपासायची, पेटीत सीलबंद करायची, सोबत दाखला द्यायचा. दाखल्याशिवाय आलेली पेटी कुठल्याच देशाने घ्यायची नाही. करार ऐकायला छान होता आणि तो करणारी माणसं मनापासून भांडून तो करून गेली होती, यात वाद नाही. पण हिऱ्याला तोंड नसतं. एकदा त्याला पैलू पडले की तो कुठल्या मातीतून आला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सांगता येतं ते तो कच्चा असताना, आणि तेही त्याच्या अंगावर काही उरलं असेल तरच.

इथे खडे यायचे ते एकाच नदीचे. खाली सरकारी परवान्याचे खड्डे होते, तिथली माती करडी, रेताड, फुंकर मारली तरी उडणारी. वर, डोंगराच्या पलीकडे, नदीवर बंदुकवाल्यांचा ताबा होता आणि तिथली माती लाल, चिकट. ती खड्याच्या बारीक खळग्यांत जाऊन बसायची ती ॲसिडात उकळल्याशिवाय निघत नसे. खडे वरचे असोत की खालचे, रंगारूपाने सख्खे भाऊ. फरक काय तो मातीचा. म्हणून एक नियम सोवळ्यासारखा पाळला जाई: दोन माणसांनी वेगवेगळं पाहिल्याशिवाय पुडी उकळायला टाकायची नाही. नंतर मात्र उकळावीच लागे, कारण किंमत ठरवायची तर खडा स्वच्छ हवा.

कुणी व्यापारी खडे आधीच उकळून आणत असे. तसं आणायला बंदी नव्हती. अशांवर नुसता संशय घेता येई आणि संशयावर कुणाला अडवता येत नाही. पण ॲसिडाचा खटाटोप आणि खर्च कोण करणार, म्हणून बहुतेक जण जसे आले तसे आणून टाकत. मामा मात्र न चुकता उकळूनच आणत. मामांच्या घरी टोमॅटोसुद्धा आंघोळ केल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नसे. त्यांचे खडे इतके लख्ख यायचे की नंबर चिकटवलेला असला तरी सगळ्या ऑफिसला कळायचं, म्हाताऱ्यांची पुडी आली. "लग्नाला निघालेत जणू," असं शंकासुर म्हणायचा.

शंकासुर म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावरचा तपासनीस, तिच्यानंतर पुडी पाहणारा दुसरा माणूस. ताईनेच त्याला शिकवलं होतं. प्रत्येक गोष्टीवर तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चहाही गोड लागत नसे, त्यामुळे हे नाव त्याला पहिल्याच आठवड्यात मिळालं आणि त्याने ते आनंदाने घेतलं.

ताईने पुडी उघडली. वरची घडी, मग बाजूच्या दोन, मग निळसर पातळ आतला कागद. आणि ती बघतच राहिली.

खडे मळके होते.

मामांचे खडे, आणि मळके. पहिल्यांदा तिला हसूच आलं. मामी आजारी असतील, घरात गडबड असेल, काहीतरी झालं असेल. मग तिने एक खडा चिमट्यात धरला, भिंग डोळ्याला लावलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. खळग्यात लाल रेघ होती. तिने दुसरा उचलला. तिसरा. प्रत्येकाच्या अंगावर, जिथे म्हणून बसायला जागा होती तिथे, ती बसली होती. वरच्या नदीची माती.

ही माती ताईने नुसती भिंगातून पाहिलेली नव्हती. करार पाळला जातोय का हे बघायला बाहेरच्या देशांचं एक पथक आलं होतं, त्यांच्याबरोबर पारख करायला म्हणून ती वर गेली होती. त्या दिवशी बंदुकवाल्यांनी पथकापुढे सगळं शहाण्यासारखं मांडलं होतं. एक माणूस छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, बंदूक मांडीवर, चेहऱ्यावर कंटाळा. समोर कमरेएवढ्या पाण्यात बाया चाळण्या फिरवत होत्या. त्यातली एक काठाशी आली तेव्हा ताईने तिला प्यायचं पाणी दिलं. बाटली घेताना बाईने आधी तळहात अंगावरच्या कपड्याला पुसले, मग ताईला दाखवले. रेघारेघांत लाल माती भरलेली, नखांच्या मुळाशी, भेगांत. दुभाष्याने सांगितलं, "ती म्हणतेय, हात मळलेले आहेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ही साबणाने जात नाही." तेवढ्यात खुर्चीतल्या माणसाने नुसता घसा खाकरला आणि ती बाई पाणी न पिताच परत फिरली. बाटली काठावर राहिली. त्या पथकाच्या अहवालानंतरच वरच्या नदीवर बंदी आली, आणि त्या अहवालात ताईचा शब्द होता याचा तिला अभिमान होता. होता म्हणजे त्या सकाळपर्यंत होता.

ताईने पुडी पुन्हा झाकली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मामांना दिसलं नाही.

दुसरं काय असणार? मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला होता, ऑपरेशनला ते आज-उद्या करत होते. धंदा आता त्यांचा मुलगा बघायचा. मामीने त्याला पाण्याचा पेलाही कधी स्वतः उचलू दिला नव्हता, म्हणून नात्यात सगळे त्याला युवराज म्हणत. तो पन्नाशीकडे झुकला तरी नाव तेच. युवराजनेच कुणाकडून तरी स्वस्तात हे खडे उचलले असणार, आणि मामांनी अर्ध्या डोळ्याने बघून, विश्वासाने पुडी बांधून दिली असणार. पण परवाना कुणाच्या नावावर? मामांच्या. लाल माती सापडली की माल जप्त, परवाना रद्द, आणि खटला परवान्यावर ज्याचं नाव त्याच्यावर. युवराज साळसूदपणे बाजूला राहील आणि मामा या वयात तुरुंगाच्या फरशीवर झोपतील.

आईच्या मागे ताईला कुणी ठेवून घ्यायला तयार नव्हतं तेव्हा मामा येऊन तिला घेऊन गेले होते. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात तिचा हात. घरी कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "माझ्या वाटणीची भाकर अर्धी करा, पण तिच्यासमोर बोलू नका." मुलीला काय करायचंय खड्यांची पारख, असं सगळे म्हणत असताना भिंग त्यांनी तिच्या हातात दिलं. ती टेबलाशी आली की रोज विचारायचे, "हात धुतलेस का, चिमणे?" आणि ती दोन्ही पंजे पुढे करायची.

शंकासुर तराजू दुरुस्तीला घेऊन खाली गेला होता. कुठल्याही क्षणी जिन्यावर त्याच्या चपलांची फटफट ऐकू आली असती. ताईच्या उजव्या हाताला दोन ट्रे होते. एक तिने पाहून झालेल्या पुड्यांचा, तो शंकासुराकडे जायचा. दुसरा दोघांनीही पाहून झालेल्यांचा, तो उकळायला जायचा.

नंतर ती स्वतःला सांगायची की हात आपोआप गेला. खोटं. हात आपोआप जात नाही. तिने पुडी उचलली, दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवली, तिच्यावर आणखी एक पुडी सारखी करून ठेवली, आणि ट्रे घेऊन स्वतः धुण्याच्या खोलीत गेली. रोज हा ट्रे शिपाई न्यायचा.

तिथल्या माणसाला सगळे आचारी म्हणत, कारण दिवसभर तो भांड्यांत काहीबाही उकळत असायचा. मोठ्या काचेच्या पडद्यामागे, हातात कोपरापर्यंत मोजे, नाकावर पट्टी.

"आज ताई स्वतः?" तो म्हणाला. "म्हणजे पंगत मोठी दिसतेय."

"नेहमीचीच आहे. जरा लवकर लावा."

"लवकर आणि चांगलं, दोन्ही एकदम इथे मिळत नाही, ताई. मागच्या दाराने हॉटेलात जा." असं म्हणत त्याने पुड्या घेतल्या, नंबर लावून एकेक भांड्यात रिकाम्या केल्या. ताई तिथेच उभी राहिली. ॲसिड आधी नितळ होतं. मग एका भांड्यात ते पिवळं झालं, मग तांबूस. आचाऱ्याने मान तिरकी करून पाहिलं.

"हे बरंच मळकं होतं."

"असतं कधीकधी," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

ती जागेवर परत आली तेव्हा शंकासुर तिच्या टेबलापाशी उभा होता. त्याच्या हातात पाहायच्या पुड्यांचा ट्रे होता आणि तो नंबर जुळवत होता.

"ताई, एक कमी आहे."

"अरे देवा," ताई म्हणाली. "बघू?" तिने ट्रे घेतला, वर-खाली केलं, स्वतःच्या कपाळावर हात मारला. हे सगळं तिला इतकं सहज जमलं की तिला आपलीच भीती वाटली. "गेली की रे ती उकळायला. माझ्या हातून ट्रे बदलला."

आता तो प्रश्न विचारणार. तीन विचारणार. ताईने मनात उत्तरं रचून ठेवली होती, चौथ्याचंही. शंकासुराने भुवया उंचावल्या, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग तो एवढंच म्हणाला,

"पण तुम्ही उकळायच्या आधी पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"मग झालं. तुमच्या डोळ्यांनंतर मी बघून काय दिवे लावणार आहे?"

संध्याकाळी ते खडे लख्ख होऊन आले. शंकासुराने एकेक पाहिला, खालच्या खड्ड्यांसारखेच आहेत म्हणाला आणि आपली सही केली. ज्या माणसाने चहावाल्याच्या सुट्ट्या पैशांवरही कधी विश्वास ठेवला नाही त्याने ताईच्या शब्दावर डोळे मिटून सही केली. उकळायच्या आधी स्वतः पाहिल्याशिवाय सही करायची नाही, तिने शिकवलेल्यातलं हे एकच तो त्या दिवशी विसरला, आणि तेही तिच्यामुळे. पुढे ते खडे किंमत करणाऱ्यांकडे गेले, तिथून सीलबंद पेटीत, पेटी तिजोरीत. सोमवारच्या पाठवणीत ती जाणार होती.

त्यानंतरचे दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. समोर आलेली प्रत्येक पुडी ती गरजेपेक्षा जास्त वेळ पाहायची. एका बिचाऱ्या व्यापाऱ्याची करडी मातीची पुडी तिने काही कारण नसताना रोखून धरली आणि मग स्वतःची लाज वाटून सोडून दिली. घरी ती एकटीच असायची. भांडी घासताना नळ सोडून हात पाण्याखाली धरून उभी राहायची आणि पाणी ओसंडून ओट्यावर आलं की भानावर यायची. तिला अपराधी वाटत होतं, त्याला दुसरा शब्द नाही. मामांना वाचवलं म्हणून मनाची समजूत घालायला गेली की ती बाई समोर यायची, तळहात पुढे करून. मी चोरी नाही केली, असं ताई तिला मनात सांगायची. बाई बाटली काठावर ठेवून निघून जायची.

रविवारी मामीचा फोन आला. "ये गं जेवायला. युवराज म्हणतोय ताईला बोलव, तिचं तोंड गोड करायचंय."

नाही म्हणायला ताईला तोंड कुठे होतं?

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर, छोटं आणि इतकं स्वच्छ की पाहुण्याला आपल्याच चपलांचा संकोच वाटावा. युवराजने दार उघडलं आणि ताईचा हात दोन्ही हातांत धरून तिला आत ओढलं. तोंडभर हसू.

"ये, ये. तू म्हणजे आमची तारणहार."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तेच तर." त्याने डोळा मिचकावला. "बाबांना मी म्हटलंच होतं, घरचं माणूस टेबलावर असताना कसली चिंता? ते उगीच तोंड पाडून बसले होते. आता बघ, पुढच्या महिन्यात याच्या दुप्पट माल आणतो. वरच्या लोकांशी बोलणं झालंय."

"वरच्या लोकांशी," ताई म्हणाली.

"हळू बोल गं." पण तो स्वतः मोठ्यानेच बोलत होता. "वाट मोकळी झाली एवढं खरं."

मामीने वाटीत काहीतरी गोड आणून ताईच्या हातात दिलं आणि कौतुकाने लेकाकडे पाहिलं. त्यांना या सगळ्यातलं काय कळत होतं आणि काय कळून घ्यायचं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ताईने वाटी तशीच ठेवली आणि विचारलं, "मामा कुठेत?"

मामा मागच्या गॅलरीत होते. स्टुलावर बसून, समोर बादली, झाडाची पानं ओल्या फडक्याने एकेक करून पुसत होते. ताई आल्याची चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. ती त्यांच्या पायाशी बसली, लहानपणी बसायची तशी.

"डोळ्यांचं कधी करताय?" तिने विचारलं. दुसरं काय बोलावं तिला सुचत नव्हतं.

"झालं की. गेल्या महिन्यात एकाचं केलं. तुला सांगायचं राहिलं." त्यांनी पान उलटून मागची बाजू पुसली. "आता लख्ख दिसतं. त्या समोरच्या गच्चीवरच्या दोरीला किती चिमटे आहेत तेही सांगेन."

ताईने त्या दोरीकडे पाहिलं. तिच्या आत कुठेतरी काहीतरी घसरायला लागलं होतं.

"पुडी मीच बांधली होती," मामा म्हणाले.

"ओळखली मी."

"ओळखणार हे ठाऊक होतं. म्हणूनच मी बांधली. तो आपल्या हाताने बांधत होता, मी म्हटलं आण इकडे." फडकं बादलीत बुडवून त्यांनी पिळलं. वयाने त्यांचे हात हल्ली नेहमीच थरथरत. "मी त्याला खूप सांगून पाहिलं गं. रागावलो. हात जोडले. तुझ्या मामीने अन्न सोडलं, माझ्या विरुद्ध. पोलिसांत जाऊन पोटच्या पोराचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी भित्रा निघालो, चिमणे. मग विचार केला की परवाना माझ्या नावावर आहे, जे व्हायचं ते माझं होईल, पण हा थांबेल. जे माझ्या तोंडून निघत नाही ते तू तुझं काम करशील त्यात आपोआप होऊन जाईल."

"मामा," ताई म्हणाली.

"घरात ॲसिड होतं. भांडं होतं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही एरवी उकळल्याशिवाय एक खडा घराबाहेर जाऊ देत नाही, आजच काय झालं? म्हटलं, हात कापतात, भाजेल." मामांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, पाणीदार, तिच्या लहानपणी होते तसे. "मी धुतले नव्हते गं. तुला दिसावं म्हणून."

ताईला वाटलं आपण आता रडणार, पण रडू आलं नाही. रडायचा हक्क असायला हवा असं काहीसं तिला वाटलं. मामांनी आपलं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांवर टाकलं होतं आणि तिने ते डोळे त्यांच्याच प्रेमाखातर मिटले होते. कुणाला सांगितलं असतं तर कुणी हसलंही असतं.

"मला वाटलं तुम्हाला दिसलं नसेल," ती कशीबशी म्हणाली.

"हो. तसं वाटणारच. माझंच चुकलं, तुला आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुझ्यावर ओझं पडलं असतं." ते पुन्हा पानांकडे वळले. "जाऊ दे. झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांनी तिला रागावायला हवं होतं. एक थोबाडीत दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं. आतून युवराजचा हसण्याचा आवाज येत होता. तो फोनवर कुणाला तरी पुढच्या महिन्याचं सांगत होता.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच ताई मोठ्या बाईंच्या दारात उभी होती. बाई पर्स खुंटीला अडकवत होत्या. टेबलावर पाठवणीच्या पेट्या तिजोरीतून काढून रांगेत मांडल्या होत्या, वर लाखेची सीलं, शेजारी दाखले. बाईंची शेवटची सही तेवढी बाकी होती.

"ताई? बरं नाही का?"

"ती तिसरी पेटी थांबवा," ताई म्हणाली. "खडे वरच्या नदीचे आहेत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि शंकासुराला बोलावलं. तो डबा हातात घेऊनच आला. बाईंनी विचारलं तेव्हा त्याने मान हलवली.

"शक्यच नाही. मी स्वतः पाहिलेत. एकावरही डाग नव्हता."

"उकळल्यानंतर पाहिलेस तू," ताई म्हणाली.

"हो, पण ते..." तो थांबला.

"आता त्या खड्यांवर काहीच नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "ॲसिडही कधीच ओतून दिलं असेल. ही पेटी मी कशाच्या जोरावर अडवू? पुरावा काय?"

"मी," ताई म्हणाली. "माती मी पाहिली होती. लाल, चिकट, प्रत्येक खळग्यात. ट्रे चुकून बदलला नव्हता, मी बदलला. माझं लेखी घ्या, माझी नोकरी घ्या, जे काय करायचं ते करा. पण माती मी पाहिली होती."

शंकासुर तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो आला असता तर सोपं गेलं असतं. प्रश्न त्याने आताही विचारला नाही, अगदी हळू एवढंच म्हणाला.

"तुम्ही मला म्हणाला होतात, पाहिलं होतं."

"तेवढंच खरं बोलले होते रे."

बाईंनी तिसरी पेटी रांगेतून बाजूला काढली, तिच्यावरचा दाखला उलटा करून ठेवला, आणि खुर्चीत बसून कपाळावरचे केस मागे सारले.

"पुडी कुणाची आहे हे तुम्हाला कळायला नको," त्या म्हणाल्या. "तरी विचारते. ठाऊक आहे?"

"माझ्या मामांची. घडीवरून ओळखली."

बाईंनी डोळे मिटले. "त्यांना आता काय काय सोसावं लागेल, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे," ताई म्हणाली. "पण एक लिहून ठेवा, बाई. त्यांनी खडे न धुता पाठवले होते. धुतले मी."